बलांचा जमाखर्च

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाला नुकताच आरंभ केलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जीं उदाहरणें येतात, त्यांत एक ट्रंक हमखास असते. ट्रंक नसली तर लांकडाचा ठोकळा असतो. परंतु प्रश्नाचें स्वरूप बहुधा तेंच. सपाट फरशीवर ४० किलोग्रॅम वस्तुमानाची ट्रंक ठेवली आहे. ट्रंक आणि फरशी यांमधील स्थितिक घर्षणांक ०.५ व गतिक घर्षणांक ०.४ आहे. तिला १२० न्यूटन बलानें आडवें ढकललें, तर तिच्यावरील घर्षण किती आणि तिचें त्वरण किती ?

विद्यार्थी हुशार असतो. घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले पृष्ठभागाचा लंब दाब, हें सूत्र त्याला तोंडपाठ असतें. गुरुत्वाचें त्वरण सोयीसाठीं १० धरलें, तर ट्रंकेचें वजन ४०० न्यूटन होतें, त्याला ०.५ नें गुणलें कीं २०० न्यूटन घर्षण निघतें. पुढें १२०, मागें २००. वजाबाकी मागच्या बाजूस ८० न्यूटन. त्याला ४० नें भागून २ हें त्वरण येतें, आणि तेंहि मागच्या दिशेनें. उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या जातात आणि वही मिटते.

आतां या उत्तराचा अर्थ काय झाला ? एका गृहस्थानें ट्रंक भिंतीकडे सरकविण्यासाठीं तिला हात लावला, आणि ती भिंतीकडे न जातां त्याच्याच अंगावर चालून आली ! असा चमत्कार कोणत्याहि घरांत कधीं घडलेला नाहीं. घरांतील सहा वर्षांच्या भावंडाला विचारलें असतें, तरी त्यानें सांगितलें असतें कीं, जोर कमी पडला म्हणजे ट्रंक हलतच नाहीं. परंतु त्याला विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वहींत तांबडी फुली पडते, आणि दोनचार फुल्या पडल्यावर तो मुलगा किंवा ती मुलगी मनाशीं ठरवून टाकते कीं, हा विषय आपल्यासाठीं नव्हे. घरचीं वडील माणसें सांगतात, "सूत्रें नीट पाठ कर." वास्तविक सूत्र पाठच होतें, बिघडलें तें दुसरेंच कांहीं. जन्मभर डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट कागदावर येतांच त्या विद्यार्थ्यानें खोटी मानली आणि सूत्राचा अर्थ न विचारतां त्याचा शब्द खरा मानला. ही चूक कोठें झाली आणि ती कशी टाळावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम परिणामी बलाविषयीं. न्यूटनचा थोर ग्रंथ १६८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील गतीचा दुसरा नियम व्यापाऱ्याच्या खातेवहीच्या भाषेंत सांगितला असतां घरांतील कोणालाहि समजेल. एका वस्तूवर अनेक बलें एकाच वेळीं काम करीत असतात. एका दिशेचीं बलें जमेच्या बाजूस मांडावीं, विरुद्ध दिशेचीं खर्चाच्या बाजूस मांडावीं आणि बाकी काढावी. ही बाकी म्हणजेच परिणामी बल. वस्तूच्या वेगांत बदल घडवून आणण्याचा अधिकार फक्त या बाकीला आहे, सुट्या सुट्या रकमांना नाहीं. बाकीला वस्तुमानानें भागलें म्हणजे त्वरण मिळतें. बाकी शून्य असेल तर त्वरण शून्य.

येथें पहिला खांचखळगा आहे. त्वरण शून्य याचा अर्थ वस्तु थांबलेली आहे, असा नव्हे. ती थांबलेली असेल तर थांबलेलीच राहील आणि चालत असेल तर त्याच वेगानें सरळ चालत राहील. चालणाऱ्या वस्तूला सतत कोणी तरी ढकलीत असलें पाहिजे, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून सुमारें दोन हजार वर्षें विद्वानांच्या मनांत घर करून बसली होती. गॅलिलिओनें उतरणीवरून गोळे सोडून तिला धक्का दिला आणि न्यूटननें तिला कायमची रजा दिली. इतक्या विद्वानांना जी समजूत सोडवली नाहीं, ती एखाद्या मुलाला एका आठवड्यांत सोडवली नाहीं, तर त्याला मंदबुद्धि म्हणणें अन्यायाचें होय.

आतां घर्षणाकडे वळावें. ट्रंकेच्या उदाहरणांतील खरी गोम अशी कीं, थांबलेल्या वस्तूवरील घर्षण ही ठराविक रक्कम नसते. तो एक सावध सावकार आहे. त्याची पत २०० न्यूटनांची असेल, परंतु जेवढी मागणी असेल तेवढेंच तो देतो. ट्रंकेला ५० न्यूटनांनीं ढकललें तर घर्षण ५० न्यूटन, १२० नीं ढकललें तर १२०, आणि १९९ नीं ढकललें तर १९९. प्रत्येक वेळीं बाकी शून्य, म्हणून ट्रंक जागच्या जागीं. घर्षणांक गुणिले लंब दाब हें सूत्र घर्षणाची रक्कम सांगत नाहीं. तें त्याच्या पतीची मर्यादा सांगतें. विद्यार्थ्यानें मर्यादेलाच रक्कम समजून ती खर्चीं घातली, आणि म्हणून ट्रंक उलटी चालूं लागली.

मागणी २०० न्यूटनांच्या वर गेली कीं मात्र सावकार हात वर करतो. ट्रंक सरकूं लागते आणि गतिक घर्षणाचा अंमल सुरू होतो. हें घर्षण मागणीप्रमाणें बदलत नाहीं. येथें तें ०.४ गुणिले ४००, म्हणजे १६० न्यूटन राहतें. आतां २२० न्यूटनांनीं ढकललें तर बाकी ६० न्यूटन उरते, आणि ६० ला ४० नें भागून त्वरण १.५ येतें. दर सेकंदाला ट्रंकेच्या वेगांत सेकंदीं दीड मीटर इतकी भर पडत जाते. मग ढकलणाऱ्यानें आपला जोर कमी करीत १६० वर आणला, तर बाकी शून्य होते, परंतु ट्रंक थांबत नाहीं. मिळविलेल्या वेगानें ती सरकत राहते. जड कपाट हलवितांना पहिला धक्का फार जोराचा द्यावा लागतो आणि एकदां तें हललें कीं पुढचें काम सोपें जातें, हा अनुभव घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असतो. त्याचें कारण स्थितिक आणि गतिक घर्षणांकांमधील हाच फरक होय.

दुसरी एक चूक याहूनहि अधिक बेमालूम असते. लंब दाब म्हणजे वस्तूचें वजनच, असें विद्यार्थी धरून चालतो. सपाट फरशीवर आडवें ढकललें असतां तें खरें ठरतें, आणि म्हणूनच ती संवय जडते. परंतु त्याच ट्रंकेला दोरी बांधून तिरपें वर ओढलें तर ? दोरीचा कल असा धरावा कीं, चार हात पुढें गेल्यास ती तीन हात वर जाते. २०० न्यूटनांची ओढ असेल तर तिचे १६० न्यूटन आडवे आणि १२० न्यूटन वर, असे दोन भाग पडतात. वरचा भाग ट्रंकेला थोडा उचलून धरतो, म्हणून फरशीवरील दाब ४०० वजा १२०, म्हणजे २८० एवढाच राहतो. घर्षणाची मर्यादा १४० वर येते. आडवे १६० त्याहून अधिक आहेत. ट्रंक चालूं लागते. गतिक घर्षण ११२, बाकी ४८, त्वरण १.२.

आतां तीच २०० न्यूटनांची शक्ति त्याच कलानें, परंतु मागून खालीं रेटून लावावी. आडवा भाग तोच १६०. परंतु खालचे १२० न्यूटन फरशीवरील दाबांत मिळतात आणि दाब ५२० होतो. मर्यादा २६० वर चढते आणि ट्रंक तसूभरहि हलत नाहीं. माणूस तोच, जोर तोच, ट्रंक तीच. एका रीतीनें ती चालते, दुसरीनें चालत नाहीं. वांकून खालीं जोर देणारा मनुष्य आपल्याच हातांनीं आपला विरोधक बलवान करीत असतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल, त्यांनीं एक लहानसा प्रयोग त्याच्याकडून अवश्य करून घ्यावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. पुठ्ठ्याच्या बांधणीचें एक पुस्तक, एक नाणें व एक मोजपट्टी एवढें पुरे. पुस्तकावर नाणें ठेवून पुस्तकाची एक कड हळूहळू उचलावी. कांहीं वेळ नाणें जागचें हलत नाहीं आणि एका विशिष्ट कलाला तें एकदम घसरतें. त्या क्षणीं पुस्तकाची कड टेबलापासून किती उंच आहे आणि त्या उंचीखालील आडवें अंतर किती आहे, हें मोजावें. उंची ८ सेंटिमीटर आणि आडवें अंतर २० सेंटिमीटर निघालें, तर ८ ला २० नें भागून ०.४ हा त्या पुठ्ठ्याचा व नाण्याचा स्थितिक घर्षणांक झाला. नंतर एकावर एक अशीं दोन नाणीं चिकटवून प्रयोग पुन्हां करावा. वजन दुप्पट झालें तरी घसरण्याचा कल जवळजवळ तोच राहतो. उतारावरून खालीं ओढणारें बल वजनाबरोबर वाढतें, तशी घर्षणाची मर्यादाहि वजनाबरोबरच वाढते. दोन्हीं बाजूंनीं वजन निघून जातें. हें मुलानें स्वतः पाहिलें म्हणजे पुढें समीकरणांत वस्तुमान दोन्हींकडून खोडतांना त्याचा हात यंत्रासारखा चालत नाहीं. आपण काय खोडीत आहों, हें त्याला कळत असतें.

हे नियम मोठमोठ्या विद्वानांनींहि अशाच साध्या साधनांनीं शोधून काढले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा व्हिंची यानें ठोकळे ओढून घर्षण मोजलें होतें. परंतु त्याच्या वह्या अप्रसिद्ध राहिल्या. १६९९ सालीं आमोंतों या फ्रेंच संशोधकानें पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें तेच निष्कर्ष मांडले : घर्षण दाबाच्या प्रमाणांत वाढतें आणि तें स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतें. वीट आडवी ठेवली काय आणि कडेवर उभी ठेवली काय, तिला सरकविण्यास लागणारा जोर सारखाच. पुढें विद्युत्‌शास्त्रांतील कार्यानें प्रसिद्ध झालेला कुलों यानें जहाजें आणि दोरखंड यांच्या व्यवहारोपयोगी अडचणी डोळ्यांसमोर ठेवून विस्तृत प्रयोग केले, आणि त्याचा निबंध १७८५ सालीं छापला गेला. हे नियम अनुभवावरून बसविलेले आहेत. पृष्ठभाग ओले किंवा तेलकट झाले कीं घर्षणांक बदलतो, आणि पुस्तकांतील आंकडा मग उपयोगीं पडत नाहीं, हें त्यांबरोबरच शिकवलें पाहिजे.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हें पाहण्यासाठीं मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला दूर जावें लागत नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली. या घाटांत सर्वांत कठीण चढ ३७ स एक असा आहे. म्हणजे ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. पुस्तकावरच्या नाण्याच्या मानानें हा कल अगदींच क्षुल्लक वाटेल. परंतु पोलादी चाकें पोलादी रुळांवर घसरत नाहींत, तीं गडगडतात. आणि गडगडण्याला होणारा अडथळा फारच थोडा असतो. हिशोबासाठीं तो वजनाचा चारशेंवा भाग धरावा. घाटांत उभ्या असलेल्या एखाद्या डब्याचे ब्रेक सुटले, तर उतार त्याला वजनाच्या सदतिसाव्या भागाएवढ्या बलानें खालीं ओढतो आणि अडथळा चारशेंव्या भागाएवढा विरोध करतो. बाकीला वस्तुमानानें भागलें तर त्वरण फक्त ०.२४५ येतें. संख्या लहान दिसते. परंतु या बाकीनें एक मिनिट काम केलें, कीं तो डबा सुमारें ४४० मीटर जाऊन ताशीं ५३ किलोमीटरांच्या वेगाला पोंचलेला असतो, आणि दुसरें मिनिट संपतांना वेग त्याच्या दुप्पट झालेला असतो. डबा रिकामा असो वा भरलेला, हिशोब तोच. कारण वस्तुमान येथेंहि दोन्हीं बाजूंनीं निघून गेलें आहे. म्हणूनच घाटांत मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारे आडमार्ग बांधलेले आहेत. सुटलेली गाडी त्यांवर शिरली, कीं तिला खालीं ओढणारें वजनच तिचें वैरी बनतें. जमेची रक्कम खर्चाच्या बाजूस जाते आणि वेग उतरूं लागतो.

चढतांनाचा हिशोबहि तितकाच उद्‌बोधक आहे. इंजिनासह गाडीचें वस्तुमान १००० टन, आणि त्यांपैकीं इंजिनाचें १२० टन, असें उदाहरणापुरतें धरावें. गाडीचें एकंदर वजन १ कोटि न्यूटन. त्याचा सदतिसावा भाग २ लाख ७० हजार आणि गडगडण्याचा अडथळा २५ हजार, मिळून २ लाख ९५ हजार न्यूटनांची ओढ लागते. ही ओढ इंजिन कोठून आणतें ? यंत्र चाक फिरवितें, एवढेंच. गाडीला पुढें नेणारें बल रुळाकडून येतें, आणि तें घर्षणाचें असतें. चाक रुळाला मागें रेटतें आणि रूळ चाकाला पुढें रेटतो. घर्षण नेहमीं गतीला विरोध करतें, हें वाक्य जो विद्यार्थी पाठ करतो, त्यानें येथें थांबून विचार करावा. घर्षण विरोध करतें तें दोन पृष्ठभागांच्या परस्परांवर घसरण्याला. चाक मागच्या बाजूस घसरूं पाहतें, म्हणून घर्षण त्याला पुढें लोटतें. माणूस चालतो तोहि याच कृपेनें. शेवाळलेल्या अंगणांत ही कृपा कमी पडली कीं त्याची जाणीव तत्काळ होते.

कोरड्या रुळांवर घर्षणांक ०.२५ धरला, तर १२० टनांच्या इंजिनाला ३ लाख न्यूटनांपर्यंत पकड मिळते. ती जेमतेम पुरते. परंतु आषाढांतील पाऊस लागला आणि रूळ ओले होऊन घर्षणांक ०.१५ वर आला, कीं मर्यादा १ लाख ८० हजारांवर येते. मग इंजिनांत कितीहि शक्ति असो, चाकें जागच्या जागीं गरगरतात, आणि गरगरूं लागल्यावर पकड आणखीच घटते. अशा वेळीं चाकांपुढें वाळू सोडण्याची युक्ति आहे. ती घर्षणांक वाढविते. दुसरा उपाय कर्जत स्टेशनावर प्रवासी डोळ्यांनीं पाहतात : तेथें गाडीच्या मागून जादा इंजिनें जोडण्याची रीत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. उदाहरणांतील गाडीला १२० टनांचीं दोन इंजिनें मागून लावलीं, तर ओढ ३ लाख ६६ हजार लागेल. परंतु पकड देणारें वस्तुमान ३६० टन होऊन ओल्या रुळांवरहि ५ लाख ४० हजार न्यूटनांची मर्यादा हातीं येईल. यंत्राच्या शक्तीबरोबरच रुळांवर दाब देणारें वजनहि वाढवावें लागतें, हें ज्यानें प्रथम ओळखलें, त्यानें घर्षणाचें सूत्र नुसतें पाठ केलेलें नव्हतें.

आतां वहीकडे परत यावें. अशीं उदाहरणें सोडवितांना विद्यार्थ्यानें एक क्रम पाळावा. ज्या वस्तूविषयीं प्रश्न असेल, ती एकटी कागदावर काढावी. साधा चौकोन पुरे. तिला कोण कोण स्पर्श करीत आहे, हें पाहून प्रत्येकाचें बल बाणानें दाखवावें, आणि स्पर्शावांचून लागणारें गुरुत्वाचें बल त्यांत मिळवावें. पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेंत जमाखर्च मांडून लंब दाब काढावा. तो वजनाइतकाच असेल, असें गृहीत धरूं नये. घर्षणाचा विचार सर्वांत शेवटीं करावा. घर्षण मुळींच नसतें तर वस्तु कोणत्या बाजूस घसरली असती, हें प्रथम ठरवावें. घर्षणाची दिशा त्याच्या उलट. मग वस्तु जागीं ठेवण्यास किती घर्षण लागेल तें काढून त्याची मर्यादेशीं तुलना करावी. लागणारें घर्षण मर्यादेच्या आंत असेल, तर तेवढेंच घर्षण आणि त्वरण शून्य. तें मर्यादेबाहेर जात असेल, तर वस्तु सरकली असें समजून गतिक घर्षण घालावें. आणि शेवटीं उत्तराकडे डोळे उघडून पाहावें : अशी गोष्ट घरांत, रस्त्यावर, घाटांत घडते काय ?

घरच्या वडील माणसांना या विषयांतील एकहि सूत्र येत नसलें, तरी हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारतां येतो. मुलाच्या वहींत ट्रंक मागें चालली आहे असें दिसलें, तर त्याला रागें भरण्याऐवजीं खऱ्या ट्रंकेपाशीं न्यावें, हळूच ढकलावयास सांगावें आणि मग विचारावें, "ती तुला किती जोरानें अडवीत आहे ?" हाताला ती अडवणूक कळते. जोर वाढविला कीं तीहि वाढते, आणि जोर काढून घेतला कीं तीहि नाहींशी होते. मग पेन्सिल पुन्हां हातीं द्यावी. घर्षण १२० न्यूटन, परिणामी बल शून्य, त्वरण शून्य. ट्रंक जेथें होती तेथेंच आहे.